घोड्याची छाती आणि गाडीचे इंजिन

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्रकथांतून एक लहानशी आख्यायिका वारंवार भेटते. एक सौदागर दोन उमदे घोडे विकावयास घेऊन आला. दोन्ही घोडे दिसण्यात सारखेच देखणे. पाहणाराला डावे-उजवे करता येऊ नये असे. राणीसाहेबांनी दोहोंवर आळीपाळीने बसून रपेट केली आणि एकाची किंमत हजार रुपये, तर दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये सांगितली. भोवतालची मंडळी चकित झाली. तेव्हा त्यांनी सांगितले की, पहिला जनावर अस्सल आहे. दुसरा तितकाच सुरेख दिसतो खरा, पण त्याची छाती दुखावलेली आहे. सौदागराने मान खाली घालून ते कबूल केले, असे आख्यायिका सांगते.

या कथेत राणीची अश्वपरीक्षा दिसते, म्हणून आपण ती मुलांना कौतुकाने सांगतो. परंतु कथेतील दुसऱ्या पात्राकडे, त्या सौदागराकडे, आपले लक्ष सहसा जात नाही. घोड्याची छाती दुखावली आहे हे त्याला ठाऊक होते. राणीच्या ठिकाणी दुसरा कोणी भोळा गिऱ्हाईक असता तर तो काही बोलला असता काय? गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः त्या सौदागराच्या जागी उभा होतो. माझ्यापाशी घोडा नव्हता, एक जुनी मोटार होती. आणि तिची छाती, म्हणजे तिचे इंजिन, मूळचे नव्हते. त्या निमित्ताने या विषयाचा जो इतिहास मी वाचला, तो परप्रांती नोकरीनिमित्त विखुरलेल्या आपल्या मंडळींपुढे ठेवावा असे वाटले. बदलीचा हुकूम आला की घरातील कपाटापासून दाराशी उभ्या असलेल्या वाहनापर्यंत सारे विकण्याचा प्रसंग आपणा सर्वांवरच येतो.

वेगवान वाहनाची खरेदी-विक्री आणि त्यातील लबाडी, दोन्ही फार जुन्या आहेत. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (कारकीर्द १२९६ ते १३१६) याने बाजारभाव बांधून दिले, हे आपण शाळेत शिकतो. त्यात धान्य आणि कापड होते, तसेच घोडेही होते. बरनीच्या इतिहासात हे भाव दिलेले आहेत. पहिल्या प्रतीच्या घोड्यास १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीच्यास ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीच्यास ६५ ते ७०, आणि तट्टास १० ते २५. घोड्यांच्या दलालांवर सुलतानाचा विशेष रोष होता. विकणारा आणि घेणारा या दोघांच्या मध्ये उभा राहून जो दोहोंकडून पैसे खातो आणि दोघांनाही अर्धेच सत्य सांगतो, त्याला शासन केल्याशिवाय भाव स्थिर राहणार नाहीत, हे त्याने ओळखले होते.

त्याच सुलतानाने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचे हुलिये, म्हणजे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत कडकपणे अमलात आणली. पुढे शेरशहाने आणि १५७० नंतरच्या दशकात अकबराने तीच पद्धत नव्याने चालू केली. या डागाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सरदाराने दरबारातून चांगल्या घोड्यांचा खर्च उचलावा आणि हजेरीच्या दिवशी उसने आणलेले घोडे उभे करावेत, किंवा अस्सल घोडा विकून त्याच्या जागी मरतुकडे तट्टू बांधावे, असा प्रकार सर्रास चाले. घोड्याच्या अंगावर उठलेला डाग आणि दफ्तरात लिहिलेले वर्णन यांचा मेळ बसला तरच तो घोडा खरा. आजच्या मोटारीच्या सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले क्रमांक आणि नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले क्रमांक यांचे नाते हुबेहूब हेच आहे. वस्तू बदलता येते. म्हणूनच तिची खूण आणि तिची नोंद अशा दोन ठिकाणी साक्ष ठेवावी लागते.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा स्वतःचा. भीमथडीच्या तट्टांवर बसून निघालेल्या शिलेदाराच्या दृष्टीने घोडा म्हणजे त्याची मिळकत, त्याची अब्रू आणि रणात त्याचा प्राण, असे तिन्ही एकत्र होते. घोडा विकत घेताना तो फसला तर नुकसान केवळ पैशाचे होत नसे. आपल्या झाशीच्याच इतिहासातील शेवटचे पान आठवा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे राणीसाहेब पडल्या, तेव्हा त्यांच्या खाली नेहमीचा घोडा नव्हता. नवा घोडा ओढ्याच्या काठी अडला आणि पुढे उडी घेईना, अशी परंपरा आहे. जिने सौदागराच्या घोड्याची छाती रपेटीत ओळखली, तिच्या नशिबी ऐन वेळी अनोळखी घोडा यावा, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. आख्यायिकेचा आणि परंपरेचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. वाहनावर बसणारा माणूस आपला जीव त्या वाहनाच्या न दिसणाऱ्या भागावर सोपवीत असतो.

घोड्यामागून आगगाडी आली. इंडियन मिडलंड रेल्वेने १८८९ मध्ये झाशीवरून आपला मार्ग सुरू केला; १९०० मध्ये ती जी. आय. पी. रेल्वेत सामील झाली आणि झाशीचा संबंध थेट मुंबईच्या बोरीबंदराशी जुळला. येथील रेल्वेचा कारखाना १८९५ चा. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. २००३ मध्ये झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत जाईपर्यंत तिचा कारभार मुंबईहूनच चाले. या कारखान्यात मालडबे दुरुस्त होतात. झाशीच्या फलाटावर उभे राहून मालगाडी जाताना लक्षपूर्वक पाहिले तर प्रत्येक डब्याच्या अंगावर रंगाने लिहिलेली काही अक्षरे दिसतात. मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात झाली, कोणत्या तारखेस झाली आणि पुढची केव्हा व्हावयाची, हे तेथे उघड लिहिलेले असते. डबा आपला पूर्वेतिहास अंगावर मिरवीत जातो. त्यात कमीपणा नाही. उलट तीच त्याच्या भरवशाची खूण. जुन्या मोटारींच्या बाजारात नेमकी याच्या उलट रीत आहे. तेथे दुरुस्ती झाल्याची खूण रंगाखाली दडविली जाते.

मोटारीचे इंजिन बदलण्याची कला आपल्या देशात गरजेतून वाढली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्यांची जोडणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना येथे क्रमाने सुटे भाग बनवावयाचे आहेत त्यांनीच येथे राहावे. त्यानंतर परदेशी जोडणी कारखाने बंद झाले आणि आयात अवघड झाली. रस्त्यावर ज्या मोठमोठ्या अमेरिकन गाड्या होत्या, त्यांना ना सुटे भाग मिळत, ना त्यांची पेट्रोलची भूक भागविणे परवडे. मग मिस्त्री लोकांनी त्यांत डिझेलची इंजिने बसविली. डॉज वा शेवरलेची भारदस्त काया आणि आत ट्रकाच्या जातीचे खडखडणारे इंजिन, अशा कितीतरी गाड्या पुढे अनेक वर्षे धावत राहिल्या. त्या मिस्त्रींना कोणी अभियंता म्हटले नाही. परंतु एका सांगाड्यात दुसऱ्याचे हृदय बसविण्याचे काम त्यांनी कोणत्याही आराखड्याशिवाय केले.

कारखानदारांनीही तेच केले, फक्त राजरोस. शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाडी बनविली. तीच पुढे पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. याच कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई नावाची गाडी काढली. तिची काया इटलीच्या फियाट १२४ ची, आणि इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घन सेंटिमीटरचे.

इकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा आणली. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या साच्यांवरून घडविलेली ही गाडी. लांब नाक, रुंद खांदे, ऐटबाज बसकण; पाहणाराला ती शर्यतीस निघाल्यासारखी वाटे. परंतु आत बसविले होते अँबेसिडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे जुने इंजिन. पन्नास अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला एवढी काया ओढवेना. पुढे कारखान्याने स्वतःच ते काढून जपानच्या इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गतींची पेटी बसविली. तेव्हा कोठे गाडीच्या रूपाला शोभेल असा वेग तिला आला. नंतर इसुझूचे डिझेल इंजिनही तिला मिळाले. आपल्या खात्यांतील बड्या साहेबांच्या दारात अँबेसिडरच्या शेजारी ती डौलाने उभी असे. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

म्हणजे इंजिन बदलणे ही गोष्ट मुळात लज्जास्पद नाही. काँटेसाची कीर्तीच मुळी बदललेल्या इंजिनावर उभी आहे. मग दोष कोठे येतो? दोष येतो तो न सांगण्यात आणि न नोंदण्यात.

आता माझी हकीकत सांगतो. झाशीस बदलून आल्यावर तीन वर्षांपूर्वी मी एका दलालामार्फत जुनी काँटेसा घेतली. माझ्या लहानपणी आमच्या गावी कलेक्टरसाहेबांची तशी गाडी येई. तिच्या मागे धावणाऱ्या पोरांत मीही असे. एवढेच त्या खरेदीचे कारण. गाडी डिझेलवर चालत होती. काँटेसा डिझेलचीही निघत असे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी निश्चिंत होतो. कागद दलालाने करून आणले. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींतील स्वल्पविराम तपासणाऱ्या या कारकुनाने स्वतःच्या गाडीचे नोंदणीपत्र मात्र वाचले नाही. वर्षभराने विम्याच्या निमित्ताने ते उघडले, तेव्हा इंधनाच्या रकान्यात पेट्रोल लिहिलेले दिसले. इंजिनाचा क्रमांकही जुळेना. सिपरी बाजारातील एका वृद्ध मिस्त्रीने झाकण उघडून पाहिले आणि हसून सांगितले, "बाबूजी, हे तर जीपचे इंजिन आहे." मूळ इंजिन झिजल्यावर आधीच्या कोणा मालकाने ते बसविले होते. नाकावर वजन वाढले होते. पुढच्या कमानी दबल्या होत्या. आणि ब्रेक मात्र जुन्याच हिशेबाचे होते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. इंजिन बदलल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. आधीच्या मालकाने कळविले नाही, हे खरे. पण समजल्यानंतर दोन वर्षे मीही गप्प बसलो, हे तितकेच खरे. नूतनीकरणाला अवधी होता, गाडी चालत होती, आणि रविवारी बरवासागरच्या रस्त्याने मुलांना घेऊन जाताना लोक वळून पाहत होते.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरचा हुकूम आला. आमच्याच कचेरीत नव्याने आलेला साताऱ्याकडचा एक तरुण त्या गाडीवर लुब्ध होता. एक लाख चाळीस हजारांवर बोलणे ठरले. मी म्हटले, "एकदा मिस्त्रीला दाखवून घ्या." तो म्हणाला, "दादा, तुमची गाडी आणि मिस्त्रीला काय दाखवायची? काही खोट असती तर तुम्ही सांगितलंच असतं." मी काही बोललो नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. कायदा काय म्हणतो ते पाहावे म्हणून मी १८७२ चा कराराचा कायदा काढला. खरे सांगायचे तर त्यात आपल्याला पळवाट मिळते काय, हेच मी शोधीत होतो. आरंभी ती मिळाल्यासारखीही वाटली. त्याच्या १७ व्या कलमात म्हटले आहे की, केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. आणि उदाहरण दिले आहे ते घोड्याचेच! एकाने दुसऱ्याला लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे विकणाराला ठाऊक होते, पण तो बोलला नाही. हे कपट नाही. माझा जीव थोडा खाली पडला.

पण उदाहरणे तेथे संपत नाहीत. दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी ही विकणाराची नुकतीच वयात आलेली मुलगी आहे. तेथे नात्यामुळेच दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि तिसऱ्यात घेणारा म्हणतो की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. त्यावर विकणारा गप्प राहतो. कायदा सांगतो, तेथे मौन हे बोलण्यासारखेच आहे.

मी ते तिसरे उदाहरण पुन्हा पुन्हा वाचले. सकाळचे माझे मौन कोणीतरी दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. सकाळी पत्नीला सारे सांगितले. तिने कायदा वाचलेला नाही. ती एवढेच म्हणाली, "तो तुम्हांला दादा म्हणतो ना?" दुसरे उदाहरण तिने न वाचताच सांगितले.

आपल्या परप्रांतीच्या जीवनाचे यात मोठे मर्म आहे असे मला वाटते. गावाकडे सौदा करताना चार माणसे मध्ये असतात. बैलाची खोड साऱ्या गावाला ठाऊक असते. येथे आपणांस ना गाव, ना चार माणसे. गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून मुलांच्या शाळेपर्यंत आपण एकमेकांच्या शब्दावर चालतो. अपरिचित प्रांतात मराठी बोलणारा माणूस भेटला की त्याची परीक्षा घेण्याचे आपण विसरतो. हा भाबडेपणा नव्हे. हीच येथे आपली ठेव आहे. म्हणूनच आपल्यापैकी कोणी ती मोडून खाल्ली तर नुकसान एका गिऱ्हाइकाचे होत नाही. पुढे येणारा प्रत्येक नवा माणूस जुन्या माणसाकडे संशयाने पाहू लागतो.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. नोंदणीपत्र त्याच्यापुढे ठेवले, इंधनाचा रकाना दाखविला, क्रमांकांचा कागद दिला. कमानी आणि ब्रेक यांविषयीही सांगितले. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होते आणि सकाळी विचारल्यावरही मी गप्प राहिलो, हेही सांगितले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, गावाकडं सांगून पैसे मागवले होते मी." एवढेच. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

दोन दिवसांनी त्याने सौदा मोडल्याचे कळविले. मीही त्याला आग्रह केला नाही. नोंदणीच्या कार्यालयात जाऊन मी सत्य परिस्थितीचा अर्ज दिला आहे. मूळ जातीचे इंजिन मिळवून गाडी पूर्ववत करावी, नाहीतर ती मोडीत काढावी, असे दोनच मार्ग मला दिसतात. दोन्हींत पैसा जाणार आहे. तूर्त ती नागपूरला निघालेल्या सामानाच्या यादीत नाही; माझ्या जुन्या घरमालकांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे. राणीसाहेबांनी पन्नास रुपये सांगितलेल्या त्या घोड्याचे पुढे काय झाले, हे आख्यायिका सांगत नाही. त्यालाही कोणीतरी असेच दाणापाणी घालीत असेल.

मी झाशी सोडण्याच्या आदल्या दिवशी तो तरुण घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. निरोपाच्या गोष्टी झाल्या. उठताना दारात थांबून तो म्हणाला, "दादा, सदर बाजारात एक जुनी गाडी पाहिली आहे. विकणारा सगळं ठीक म्हणतो. गाडी निघायच्या आधी तासभर सवड असेल तर याल का माझ्याबरोबर बघायला?"

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पेट्रोल की डिझेल हे मी आधी कागदावर वाचले, आणि मगच झाकण उघडावयास सांगितले.